गंज व जस्ताचा मुलामा काढण्यासाठी आम्लाचा वापर : अवजारघरातील दक्षता

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील बागायती पट्ट्यात ठिबक सिंचनाचा प्रसार झाल्यापासून शेतकऱ्याच्या अवजारघरात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती वस्तू म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाचा कॅन होय. विहिरीच्या व कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार ठिबकच्या नळ्यांत आणि ड्रिपरच्या तोंडाशी साचतात. ते विरघळविण्यासाठी हे आम्ल पाण्याबरोबर नळ्यांतून सोडावे लागते. डाळिंब, द्राक्ष, ऊस यांच्या मळ्यांतून ही प्रक्रिया आता नित्याची झालेली आहे. प्रक्रिया आटोपल्यावर कॅनच्या तळाशी लिटर-दोन लिटर आम्ल शिल्लक राहते आणि त्याच खोलीत गंजलेली पाभर, आखडलेले नटबोल्ट, जुन्या शेडनेटचे पाइप पडलेले असतात. ज्याने ड्रिपरमधील क्षार जातो त्याने लोखंडावरील गंजही जाईल, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

हा विचार चुकीचा नाही. गंज जातोच. परंतु ठिबकच्या कामात हे आम्ल भरपूर पाण्यात मिसळून बंद नळीतून वाहून जाते. अवजार साफ करताना मात्र ते उघड्या भांड्यात, हाताशेजारी, डोळ्यांखाली आणि श्वासाच्या टप्प्यात असते. पहिल्या कामात वर्षानुवर्षे अपघात झाला नाही म्हणून दुसऱ्या कामातही होणार नाही, असे समजू नये. गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा फरक शेतकरी बंधूंच्या ध्यानात आणून द्यावा, यासाठी हा पाठ दिला आहे.

आम्लाची गरज आहे काय?

प्रथम हा प्रश्न विचारावा. दहापैकी आठ वेळा त्याचे उत्तर ‘नाही’ असे येईल.

नांगराचा फाळ, कुळवाची फास, रोटाव्हेटरची पाती ही जमिनीत चालणारी लोखंडे होत. त्यांच्यावर पावसाळ्यात तांबूस थर चढला तरी ती आम्लात बुडविण्याचे काही कारण नाही. तास-दोन तास नांगरट झाली की माती स्वतःच त्यांना घासून लख्ख करते. काळ्या जमिनीत सुरुवातीस माती थोडी चिकटेल, एवढेच. अशा फाळास आम्ल लावणे म्हणजे फुकट मिळणाऱ्या कामासाठी पैसे व कातडी दोन्ही खर्ची घालणे होय.

खुरपे, विळा, कोयता यांची धार पातळ असते. आम्ल गंजाबरोबर धारही खाते. ही हत्यारे वाळू, तारेचा ब्रश आणि सहाणेचा दगड यांनीच साफ करावीत. आखडलेल्या नटबोल्टावर डिझेल अथवा पातळ तेल सोडून रात्रभर ठेवावे व सकाळी पान्याने सावकाश मागेपुढे करावे. बहुधा तो सुटतो.

पंपाचे कवच व आतील चक्र हे पुष्कळदा बिडाचे असते. बिडाच्या सूक्ष्म छिद्रांत आम्ल मुरते, ते कितीही धुतले तरी पुरते निघत नाही आणि आतून लोखंड खात राहते. फवारणी पंपाचे पितळी नोझल, ॲल्युमिनिअमचे भाग आणि स्टेनलेस स्टीलच्या जाळ्या यांनाही हायड्रोक्लोरिक आम्ल अपाय करते. ॲल्युमिनिअम तर आम्लात जसे खाल्ले जाते तसेच तीव्र क्षारातही खाल्ले जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट कठीण केलेल्या पोलादाची आहे. ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरच्या स्प्रिंगा, अधिक ताणशक्तीचे बोल्ट, ट्रॉलीच्या हुकाची पिन, साखळ्या, बेअरिंगे ही आम्लात कधीही बुडवू नयेत. आम्ल व लोखंड यांच्या क्रियेत निर्माण होणारा हायड्रोजन काही अंशी पोलादाच्या अंतर्भागात शिरतो आणि असे पोलाद ठिसूळ होते. वरून ते स्वच्छ, चकचकीत दिसते. परंतु ताण पडला की कसलीही सूचना न देता तुटते. कारखान्यांतून असे भाग आम्लातून काढल्यावर भट्टीत सुमारे २०० अंश सेल्सिअस तपमानावर कित्येक तास तापवून हा हायड्रोजन घालवितात. खेड्यातील अवजारघरात हे शक्य नाही. ज्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे कोरलेले आहेत तो अधिक ताणशक्तीचा बोल्ट होय. आकडा जितका मोठा तितका हा धोका अधिक. उसाची भरलेली ट्रॉली चढावर असताना पिन तुटली तर काय होईल, हे प्रवरा आणि गोदावरी कालव्यांच्या पट्ट्यातील शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको. अशी पिन गंजून खराब झाली असेल तर नवी घ्यावी. ती स्वस्त पडते.

मग आम्लाचे काम उरते कोठे? साध्या पोलादाचे जे भाग आडवळणाचे आहेत, ज्यांच्या आट्यांत वा खाचांत ब्रश पोहोचत नाही, अशा भागांसाठी. आणि ज्या जस्त चढविलेल्या पाइपांना जोड द्यावयाचा आहे त्यांच्या टोकांसाठी. पाभरीच्या खतपेटीतील दातेरी चक्रे व लहान कड्या हे पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण आहे. रासायनिक खत हवेतील ओलावा ओढून घेते आणि पेरणीनंतर पेटी न धुता ठेवली तर एका हंगामात ही चक्रे जाम होतात.

लिंबाचा उपाय

ज्या भागांना आम्लाची खरोखर गरज आहे त्यांच्यासाठीही तीव्र आम्लाकडे एकदम वळू नये. सायट्रिक आम्ल, ज्यास बाजारात लिंबूसत्त्व म्हणतात, ते गंज चांगले विरघळविते. एक लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून त्यात भाग रात्रभर ठेवावा, सकाळी ब्रशने घासावा, धुवावा. त्याच्या वाफा येत नाहीत. हातास किरकोळ झोंबते. डोळ्यात मात्र जाऊ देऊ नये.

श्रीगोंदे व कर्जत या तालुक्यांत कागदी लिंबाच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत. राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने साई शरबती व फुले शरबती हे लिंबाचे वाण दिले आहेत. लिंबाच्या रसात साधारणपणे ६ ते ७ टक्के सायट्रिक आम्ल असते. म्हणजे निव्वळ रस हा वर सांगितलेल्या द्रावणाच्या तोडीचा ठरतो. भाव पडल्यावर बांधावर कुजणाऱ्या, डागी लिंबांचा रस गाळून त्यात खतपेटीची चक्रे बुडविली तर दोन दिवसांत गंज सुटतो. यास वेळ लागतो ही त्याची उणीव खरी. परंतु पेरणीस महिना असता अवजार दुरुस्तीस काढणाऱ्या शेतकऱ्यास दोन दिवसांची अडचण नसते. अडचण होते ती मृग लागल्यावर पाभर बाहेर काढणाऱ्यास!

काही बागाईतदारांकडे ठिबकमधून खत म्हणून देण्यासाठी फॉस्फोरिक आम्ल असते. त्याच्या वाफा हायड्रोक्लोरिक आम्लाप्रमाणे सुटत नाहीत आणि गंज निघाल्यावर पोलादावर फॉस्फेटचा पातळ थर राहतो, तो गंजास काही काळ अटकाव करतो. तथापि त्वचा व डोळे यांना तेही भाजते; म्हणून पुढे सांगितलेली सर्व दक्षता त्यासही लागू आहे.

आम्ल काय करते?

गंज म्हणजे लोखंड, प्राणवायू व पाणी यांच्या संयोगाने झालेला पदार्थ. हायड्रोक्लोरिक आम्ल त्यास विरघळवून लोहाचा क्लोराइड क्षार बनविते. या क्रियेत वायू सुटत नाही. परंतु गंज संपला की आम्ल थांबत नाही, ते खालच्या पोलादास खाऊ लागते आणि त्यातून हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, बुडबुडे जोराने येऊ लागले म्हणजे आम्ल आपले काम संपवून मालकाचे लोखंड खात आहे. भाग तत्काळ बाहेर काढावा.

जस्ताच्या बाबतीत हे उलट असते. जस्त आम्लात पडताच खदखदून बुडबुडे येतात, आणि जस्त संपले की ते एकाएकी मंदावतात. करड्या चकाकीऐवजी काळपट पोलाद दिसू लागते. हीच बाहेर काढण्याची वेळ होय. अशा रीतीने एकाच खुणेचे दोन ठिकाणी दोन अर्थ होतात, म्हणून कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक देताना गंजलेला एक खिळा व जस्ताच्या पत्र्याचा एक लहान तुकडा वेगवेगळ्या पेल्यांत टाकून हा फरक दाखवावा.

पाइपाला जोड देण्यापूर्वी जस्त का काढावे?

कांदाचाळ, शेडनेट, पॉलिहाउस यांचे सांगाडे बहुधा जस्त चढविलेल्या पाइपांचे असतात. वादळाने सांगाडा वाकला की शेतकरी पाइप कापतो आणि गावातील वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि वेल्डिंगची ज्वाला त्याहून किती तरी पट तप्त असते. त्यामुळे जोडाजवळील जस्ताची वाफ होते व हवेत तिचा पांढरा धूर बनतो. हा धूर छातीत गेल्यास काही तासांनी, बहुधा संध्याकाळी वा रात्री, तोंडाला गुळचट धातूची चव येते, अंग मोडून येते, थंडी वाजून ताप चढतो. हिवताप वा साधा ताप समजून गोळ्या घेतल्या जातात आणि एक-दोन दिवसांत माणूस बरा होतो. मूळ कारण कोणाच्याच ध्यानात येत नाही. पुढच्या कामास पुन्हा तेच. दूध पिऊन वा गूळ खाऊन हा ताप टळतो अशी समजूत कारागिरांत आढळते, पण तीत तथ्य नाही. धूर छातीत जाऊ न देणे हाच उपाय आहे.

त्याकरिता जोडाच्या दोन्ही बाजूंस किमान ५ सेंटिमीटरपर्यंतचे जस्त काढून टाकावे. पाइपाच्या आतही जस्त असते हे विसरू नये. एक-दोनच जोड असतील तर कानशीने किंवा ग्राइंडरने घासणे बरे. मात्र तोंडावर धूळरोधक मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा असावा. वीस-पंचवीस टोके असतील तरच आम्लाचा घाट घालावा.

किती आम्ल लागते, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सुमारे ४८ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पाइपाचे टोक ५ सेंटिमीटर बुडविले तर आतून-बाहेरून मिळून जस्ताचा जाड थर सुमारे ५ ग्रॅम भरतो. अशा वीस टोकांचे १०० ग्रॅम जस्त झाले. ते विरघळविण्यास बाजारातील ३३ टक्के तीव्रतेचे आम्ल सुमारे ३०० मिलिलिटर पुरते. वाया जाणारे धरून अर्धा लिटर घ्यावे. अर्धा लिटर आम्ल आणि साडेचार लिटर पाणी, इतकेच हे काम आहे. पाच लिटरचा कॅन बादलीत पालथा करण्याचे कसलेही प्रयोजन नाही, तरीही अनेकदा घडते तेच.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. १०० ग्रॅम जस्तापासून सुमारे ३७ लिटर हायड्रोजन वायू सुटतो. उघड्या अंगणात तो क्षणात वर निघून जातो. परंतु पत्र्याच्या बंद खोलीत तो आढ्यापाशी साचतो, आणि भांड्यावर झाकण ठेवले तर झाकणाखाली कोंडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी ठिणगी पडताच स्फोट होऊ शकतो. म्हणून बिडी, चूल, ग्राइंडर व वेल्डिंग यंत्र हे सर्व आम्लाच्या भांड्यापासून दूर असावे आणि भांड्यावर झाकण कधीही घालू नये.

कृती

काम उघड्यावर, सावलीत आणि वाऱ्याची दिशा पाहून करावे. करणाऱ्याच्या पाठीकडून वारा यावा. जनावरे बांधलेली असतील, मुले खेळत असतील किंवा विहिरीचे तोंड जवळ असेल अशी जागा नको. एकट्याने हे काम करू नये. दुसरा माणूस हाकेच्या अंतरावर हवा.

कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, दोन्ही बाजूंनी बंद असलेला चष्मा, रबरी बूट आणि समोर रबराचा वा जाड प्लास्टिकचा पडदा एवढे साहित्य लागते. कापडी हातमोजे हे न घालण्यापेक्षा वाईट, कारण ते आम्ल शोषून त्वचेस धरून ठेवतात. नाकास बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाही. वाफ नाकाला झोंबली तर समजावे की उभे राहण्याची जागा चुकली आहे.

भांडे जाड प्लास्टिकचे असावे. घरातील पत्र्याची बादली वापरू नये, कारण तिच्यावरही जस्तच असते. आम्ल अगोदर बादलीचे जस्त खाईल, मग पत्रा, आणि अखेरीस पायांवर येईल. ॲल्युमिनिअमचे पातेले तर मुळीच चालणार नाही.

भांड्यात प्रथम पाणी घ्यावे आणि त्यात आम्ल धार लावून हळूहळू ओतावे. आम्लात पाणी ओतू नये. बॅटरीत घालावयाचे अथवा तीव्र गंधकाम्ल असेल तर हा नियम मोडल्यास मिश्रण उकळून तोंडावर उडते. हायड्रोक्लोरिक आम्लात उष्णता कमी निघत असली तरी सवय एकच असावी. जस्तासाठी एक भाग आम्लास नऊ भाग पाणी, गंजासाठी एक भाग आम्लास चार भाग पाणी घ्यावे. याहून तीव्र द्रावणाने काम लवकर होते, पण बुडबुड्यांबरोबर आम्लाचे तुषारही अधिक उडतात.

भागांवरील तेल, ग्रीस व माती आधी धुण्याच्या सोड्याने काढावी. तेलाखालचा गंज आम्लाला लागत नाही. आखडलेल्या बंद पोकळीचा भाग बुडवू नये. पाइपाचे टोक बुडविताना वरचे टोक उघडे राहिले पाहिजे, परंतु त्या उघड्या टोकावर तोंड नेऊन आत डोकावू नये, कारण वायू व तुषार त्याच वाटेने वर येतात. ही चूक कुतूहलापोटी हमखास होते. गंजासाठी दहा-पंधरा मिनिटे, जस्तासाठी बुडबुडे मंदावेपर्यंत थांबावे. भांड्यापाशी उभे राहावे; चहास निघून जाऊ नये.

बाहेर काढलेला भाग भरपूर पाण्याने धुवावा, नंतर एका लिटरला ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात पाच मिनिटे बुडवावा, पुन्हा धुवावा, लगेच पुसून उन्हात कडकडीत वाळवावा आणि तेल लावावे. यात दिरंगाई चालत नाही. आम्लातून निघालेले नागवे पोलाद पाहता पाहता पुन्हा तांबडे होते. पाइपास वेल्डिंग करावयाचे असेल तर तेल न लावता त्याच दिवशी जोड द्यावा, आणि थंड झाल्यावर जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत. नाही तर जस्त नसलेली तीच जागा सर्वांत आधी गंजेल.

पिवळसर छटेचे बोल्ट व कड्या बाजारात मिळतात. त्यांच्या जस्तावर क्रोमियमच्या संयुगाचा थर असू शकतो व तो आरोग्यास अपायकारक असतो. असे भाग घरी आम्लात टाकू नयेत. क्रोम व निकेलचा मुलामा तर या सौम्य आम्लाने नीट निघतही नाही. तो मुलामा करणाऱ्या कारखान्यानेच काढावा. गंजाचे डाग घालविणाऱ्या वा स्टेनलेस स्टील उजळविणाऱ्या काही तयार औषधांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते त्वचेवर पडले तर प्रारंभी दुखतही नाही, परंतु खोलवर हाडापर्यंत इजा करते आणि प्राणही घेऊ शकते. बाटलीवर हे नाव आढळल्यास ती विकत घेऊ नये.

ब्लीचिंग पावडरीपासून दूर

या जिल्ह्यातील अवजारघरांच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका हाच आहे. ठिबकच्या नळ्यांतील शेवाळ मारण्यासाठी ब्लीचिंग पावडर वा तत्सम क्लोरिनयुक्त द्रावण वापरतात, आणि क्षार काढण्यासाठी आम्ल. दोन्ही एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेली असतात. विहिरीत टाकावयाची टी.सी.एल. पावडर हीदेखील ब्लीचिंग पावडरच होय. ही दोन एकत्र आली की पिवळट हिरवा क्लोरिन वायू सुटतो व तो फुप्फुसांना भाजून काढतो. मुद्दाम कोणी मिसळीत नाही, हे खरे. परंतु पावडरीची रिकामी बादली न धुता तीत आम्ल घेतले, किंवा आम्ल सांडले ते पांढरी पूड टाकून झाकावे म्हणून चुन्याऐवजी हाताला लागलेली पावडर टाकली, तर परिणाम तोच होतो. दोन्ही पुडी पांढऱ्याच दिसतात. त्यामुळे आम्ल एका खोलीत व ब्लीचिंग पावडर दुसऱ्या खोलीत असावी, आणि आम्लाच्या कामाची बादली लाल रंगाने खूण करून वेगळी ठेवावी. फळबागेत वापरावयाचे चुना-गंधकाचे द्रावणही आम्लाजवळ नसावे. त्यातून आम्लाच्या संपर्काने सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निघतो.

अपघात झाल्यास

त्वचेवर आम्ल पडले तर कपडे तेथल्या तेथे उतरवून अंगावर वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. लाज धरून घरापर्यंत चालत जाऊ नये. सोडा, चुना, हळद, टूथपेस्ट यांपैकी काहीही चोळू नये; सोडा ही लोखंडाची चीज आहे, भाजलेल्या त्वचेची नव्हे. डोळ्यात गेले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान वीस मिनिटे स्वच्छ पाणी सोडीत राहावे. डोळा आपोआप घट्ट मिटतो, म्हणून हे काम दुसऱ्या माणसाने करावे लागते. एकट्याने काम करू नये असे वर म्हटले आहे त्याचे हेही एक कारण. त्यानंतर दुखणे थांबले तरी रुग्णालय गाठावे.

आम्ल पोटात गेले तर ओकारी काढू नये, मिठाचे पाणी वा सोडा पाजू नये. तोंड धुऊन तडक रुग्णालयात न्यावे. वर येताना आम्ल अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. वायू छातीत गेल्यास माणसास मोकळ्या हवेत बसवावे. क्लोरिनचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, त्यामुळे बरे वाटले म्हणून घरी ठेवू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. कामास हात घालण्यापूर्वीच दोन बादल्या स्वच्छ पाणी व शक्य तर नळीचे चालू पाणी जवळ तयार ठेवावे. वीज गेल्यावर मोटार चालू होत नाही, ही गोष्ट कोणास सांगण्याची गरज नाही.

उरलेले द्रावण

काम झाल्यावरच्या पाण्यात लोहाचे व जस्ताचे क्षार असतात. जिल्ह्यातील चुनखडीयुक्त जमिनींत जस्ताची उणीव पुष्कळ आढळते व शेतकरी झिंक सल्फेट देतात. त्यावरून हे पाणी पिकास खत म्हणून घालावे असे काहींना सुचते. तसे करू नये. एका ठिकाणी ओतलेले आम्ल व जस्त मिळून त्या जागेवरील मुळे जाळतात, आणि त्यात जुन्या भागांवरील इतर धातूही असू शकतात.

विझविलेला चुना थोडा थोडा टाकून काठीने ढवळावा. एक लिटर मूळ आम्लास हिशेबाने सुमारे ४०० ग्रॅम शुद्ध चुना लागतो; बाजारी चुना तितका शुद्ध नसल्याने अर्धा किलो हाताशी असावा. मिश्रण तापते, म्हणून घाई करू नये. निळा लिटमस कागद लाल होणे थांबले आणि लाल कागद किंचित निळा झाला की पुरे. रात्रभर ठेवल्यास गाळ खाली बसतो. तो वाळवून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकाऊ रसायने घेणाऱ्या कारखान्याकडे देता आला तर उत्तम. अन्यथा विहीर, ओढा, कालवा व शेत यांपासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाही असा बंदिस्त ठेवावा. वरचे पाणीही विहिरीच्या वा चराऊ रानाच्या बाजूस सोडू नये.

साठवण

आम्लाचा कॅन मूळ झाकणासह, खालच्या फळीवर, कुलपात ठेवावा. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत आम्ल काढून ठेवण्याची खोड अत्यंत घातक होय. उन्हातून तहानलेला आलेला माणूस अगर मूल वास घेऊन पीत नाही. शेजाऱ्यास थोडे हवे असले तरी बाटलीत देऊ नये, त्याचे काम आपल्या अंगणात करून द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिलेल्या निर्देशांनुसार आम्ल विकणाऱ्याने खरेदीदाराची नोंद ठेवावी, ओळखपत्र पाहावे, खरेदीचे कारण लिहून घ्यावे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस आम्ल देऊ नये, असा दंडक आहे. म्हणून आम्ल आणावयास मुलास पाठवू नये.

कॅनमधून सदैव किंचित वाफ सुटत असते. ज्या खोलीत विजेचा स्टार्टर, मोटार, ट्रॅक्टर किंवा अवजारे आहेत त्याच खोलीत कॅन असेल तर एका पावसाळ्यात त्या खोलीतील सारे लोखंड तांबडे होते आणि स्टार्टरचे संपर्कबिंदू खराब होतात. पाभरीचा गंज काढण्यासाठी जपून ठेवलेले आम्ल पाभर गंजवीत असते. कॅन अवजारघराबाहेर, छपराखाली, हवा खेळेल अशा वेगळ्या कुलूपबंद खोक्यात ठेवावा, आणि ठिबकच्या हंगामास लागेल तेवढेच आम्ल आणावे.